चाळीसही कपाळं गुलाबी

"अर्ध्या तासात चाळीस बकऱ्या! घड्याळ लावून पाहा!"

जनावरांचे डॉक्टर अक्षय यांनी बंजारा तांड्यावर पाय ठेवताच जाहीर करून टाकलं. बाभुळगावच्या दवाखान्यात लागून जेमतेम तीन महिने झालेले, पण ऐट अशी, की तालुक्यातल्या साऱ्या बकऱ्या यांच्याच हाताखाली जन्मल्या!

शेजारच्या गावात रोग शिरला होता. बकऱ्या पटापट मरत होत्या. तांड्यावरची मथुराबाई सकाळपासून डॉक्टरांचीच वाट पाहत होती हो! चाळीस बकऱ्यांवर तिचं घर चालायचं. त्यातली चिमणी तर लेकीसारखी, भीतीपायी कडेवरून उतरवली नव्हती. तांड्यावर सगळे मथुराबाईला याडी, म्हणजे आई म्हणायचे. डॉक्टरही म्हणू लागले.

"याडी, टेन्शन घेऊ नका. चाळीस बकऱ्या, चाळीस डोस!"

टोचलेली बकरी ओळखायला तिच्या कपाळावर गुलालाचं बोट, ही युक्ती डॉक्टरांची स्वतःची. म्हणून कोणाला सांगायची गरजच वाटली नाही!

सपासप बावीस झाल्या. अठरा डोस उरले. डॉक्टर जरा चहाला टेकले आणि वळून पाहतात तर काय, सगळ्या कळपाची कपाळं गुलाबी!

"हे कोणी केलं?"

"मी!" याडी खुशीत होती. "तुमी निम्म्यायचीच पूजा केली. बाकीच्यायनं काय पाप केलं? चिमणीलेही लावला."

"अहो याडी, ती पूजा नव्हती! खूण होती, खूण!"

"मंग सांगा लागत होतं ना! मले काय सपन पडते?"

डॉक्टर चहा टाकून उठले. एकीला दोनदा टोचलं, तर दुसरी कोरडीच राहणार! आणि कालवलेली लस दोन तासांत संपवायची, नाहीतर वाया!

पण गडी हुशार. एका हातात सुई धरली, दुसऱ्या हातात बिस्किटं. "जिला टोचलंय ती सुई पाहून पळेल. जिला नाही, ती बिस्किटाला येईल!"

आणि खरंच हो! निम्म्या बकऱ्या ठणाणा ओरडत शेजारच्या पऱ्हाटीत, कपाशीच्या शेतात घुसल्या. उरलेल्या बिस्किटांवर तुटून पडल्या. मोजल्या तर बरोब्बर अठरा! टोचल्या. कुपी रिकामी!

"पाह्यलं, याडी? याला म्हणतात डोकं!"

याडीनं कडाकडा बोटं मोडून डॉक्टरांची दृष्ट काढली. आता ऑफिसला फोटो पाठवायचा, बकऱ्यांसोबत. पण डॉक्टर दिसले, की कळप धूम! शेवटी एकटीच आपणहून आली आणि डॉक्टरांचा खिसा हुंगू लागली.

"बघा, एकीला तरी उपकार कळतात!" डॉक्टरांनी तिच्या गळ्यात हात टाकून फोटो काढला.

याडीचा चेहरा मात्र पडला.

"डॉक्टरसाहेब, हे तं चिमणी हाय. आत्ताच सोडली मी कडेवरून. तुमाले पाहून पळत काहून नाही हे?"

डॉक्टरांचा हात गळ्यातच राहिला. "मग... त्या अठरा?"

"आमचा राघू बोकड आलता ना त्यायच्यात! त्याले तुमी पयलेच टोचलं होतं. बिस्किटासाठी तो कसायाजवळही जाईन!" याडीनं चिमणीला घट्ट कवटाळलं. "आता हिचं कसं जी?"

डॉक्टर गाडीवर बसले. एका डोससाठी बाभुळगाव, जाऊन येऊन बत्तीस किलोमीटर! अर्धा तास तर कधीच उलटून गेला होता.

"येतानी बिस्किटाचा पुडा आणजा!" मागून याडी ओरडली. "राघू वाट पाहून राह्यला!"