इंगोले सरांचा तिसरा अंक

इंगोले सरांच्या गळ्यात बाराही महिने स्टॉपवॉच असतं. शाळेच्या खेळाच्या साहित्यातून ते कधीतरी गेलं आणि परत आलं नाही. सर शिकवतात मराठी, पण मोजतात सगळं. चहा यायला किती वेळ लागला, हेडमास्तर भाषणात मुद्द्यावर किती वेळानं आले (ते अजून यायचे आहेत). माझ्या लग्नात मंगलाष्टकं सुरू होताच सरांनी बटण दाबलं आणि नंतर आहेर देताना कानात म्हणाले, "महाराजानं लांबवलं. दोन कडवे कापता आले असते."

मेडशीकडच्या आमच्या शाळेत ते दरवर्षी स्नेहसंमेलनात एकच जुनं तीन अंकी प्रहसन बसवतात. त्यात एक खडूस म्हातारा आहे. पहिल्या अंकात तो पाहुण्यांना टोमणे मारतो, दुसऱ्यात सख्ख्या भावाला दारातून हाकलतो. तिसऱ्यात काय करतो हे कोणालाच माहीत नाही, कारण चौदा वर्षांत तिसरा अंक झालेलाच नाही. पाचला वाशीमची बस येते. निम्मे नट बसच्या पासवाले, ते दाढीमिशांसकट बसमध्ये चढतात. एका वर्षी नवरदेव मुंडावळ्या बांधून गेला, तर कंडक्टरनं त्याला पुढची सीट रिकामी करून दिली.

यंदा सर निवृत्त होणार होते. काही झालं तरी तिसरा अंक करायचाच, या हट्टानं त्यांनी पहिले दोन अंक इतके घासले की पंधरा मिनिटं शिल्लक पडली. आणि तिथं वैष्णवी आडवी आली.

दहावीतली वैष्णवी सुनेचं काम करायची. नाटकात सतरा वेळा कोणी ना कोणी घरात शिरतं, आणि ही प्रत्येकाला तांब्याभर पाणी द्यायची. येणारा ते पिऊन, तोंड पुसून मग संवाद म्हणायचा.

"वैष्णवे, पाणी काहून देऊन राह्यली? पुस्तकात आहे काय?"

"नाई सर. पण मानूस दारात आला ना."

"अवं, चोर आहे तो."

"चोराले तहान नसते काय?"

सरांनी तांब्या लपवला. मग ती नुसताच हात पुढे करायची आणि चोर नुसताच घोट घ्यायचा. वेळ तेवढाच.

संमेलनाच्या दिवशी लोक पाचव्या घोटालाच हसायला लागले. पुढे कोणी शिरायच्या आतच मागून आवाज यायचा, "दे वं बाई, पाणी दे त्याले." हशा थांबेना आणि विंगेत सर घामाघूम. दुसरा अंक संपला तेव्हा पाच वाजून गेले होते आणि फाटकाशी बस हॉर्न देत होती. पोरं मिशा उपटायला लागली.

सर धावत सुटले. मी मागे. ज्या माणसानं हेडमास्तरांकडे कधी जादा खडू मागितला नाही, तो कंडक्टरपुढे हात जोडून उभा होता.

"पंधरा मिनिटं द्या, भाऊ."

"कायले?"

"म्हातारा शेवटी काय करते, ते दाखवाचं राह्यलं."

कंडक्टरनं ड्रायव्हरकडे पाहिलं. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. "मले बी पाहू द्या मंग," म्हणत तो उतरला आणि त्याच्यामागे अख्खी बस मंडपात येऊन बसली.

तिसऱ्या अंकात म्हातारा दोन ताटं वाढून घेतो. एका ताटातलं खातो, गोड लागत नाही. दुसऱ्यातलं खातो, तेही नाही. मग जोडे हातात घेऊन भावाच्या दारात जातो आणि म्हणतो, चुकलो, जेवायला चल. लोक हसत होते, पण नाक ओढत. विंगेत माझ्याशेजारी उभ्या असलेल्या सरांचं रंगमंचाकडे लक्षच नव्हतं. ते मागच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याकडे बघत होते. मांडीवर पिशवी घेतलेला हा गृहस्थ मघाशी बसमध्ये चढला होता आणि इतरांसोबत उतरून परत आला होता.

"कोण हो?" मी विचारलं.

"माझा थोरला भाऊ. तिकडं अनसिंग गावाले असते. वावराच्या बांधापायी, हातभर धुऱ्यापायी मी त्याले घरातून हाकललं. बोलाची हिंमत होत नाई, म्हणून दरसाल संमेलनाची पत्रिका धाडतो. तो येते. दुसरा अंक पाह्यते अन् बसनं चालला जाते."

इतकी वर्षं स्टाफरूममध्ये मी या माणसाच्या नकला करून हशे घेतले होते. मला माझीच लाज वाटली.

पडदा पडल्यावर थोरले हळूहळू विंगेशी आले. बाहेर बसचा हॉर्न वाजत होता, तिकडे त्यांनी मान वळवली नाही. सरांकडेही पाहिलं नाही.

"ते म्हातारं शेवटी बोलावते तर," ते म्हणाले.

"हो, दादा."

"मले वाटे, हाकललं तिथंच नाटक संपते."