पिवळा म्हंजे कोनता?

आमच्या शेजारच्या आण्णांसमोर 'पिवळी साडी' असं नुसतं म्हणू नये. "पिवळा म्हंजे कोनता? झेंडूचा, डाळिंबाचा का पळसाचा?" उत्तर मिळाल्याशिवाय ते माणसाला हलू देत नाहीत. कोपरगावातल्या एका लग्नात त्यांनी नवरीच्या मामालाच असं अडवून धरलं आणि मंगलाष्टकं खोळंबली.

आण्णा रेशीम रंगवतात, तेही झाडपाल्याच्या रंगांत. त्यांच्या लडी येवल्याच्या विणकरांकडे जातात. डाळिंब आम्ही आणायचं, दाणे आम्ही खायचे, सालींवर हक्क त्यांचा. मीही काटेकोर माणूस, दूधवाल्याचं माप रोज तपासणारा. पण आण्णांपुढे मी अगदीच ढिला.

त्यांचं दुसरं वेड वासाचं. रेशीम समोरच्याच्या नाकाशी धरतात. "हुंगा. नीळ येगळी, डाळिंब येगळं." मला एकदाही फरक कळलेला नाही. तसं सांगितलं, तर म्हणाले, "तुमच्या कपाटात डांबरगोळ्या हायेत. नाक मेलंय तुमचं!" त्यांच्या घरात डांबरगोळीला बंदी आहे.

ती बंदी वहिनींसाठी. त्यांची नजर जवळजवळ गेली आहे. डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा आण्णा मला म्हणाले होते, "डोळं गेलं तर जाऊ द्या. माज्या हातचा रंग तिला वासावरून कळतो. तेवढं काय तिचं जायाचं न्हाई."

गेल्या महिन्यात त्यांच्या पुतणीच्या लग्नाला आम्ही एकत्र निघालो. वहिनी स्वतःच कपाट चाचपून, साड्या हुंगून, एक नेसून बाहेर आल्या.

"निळी काढली. बरी दिसती का?"

साडी डाळिंबाच्या सालीची. लख्ख पिवळी.

मी आण्णांकडे पाहिलं. मंगलाष्टकं थांबवणारा माणूस दाराची कडी धरून उभा होता. मग म्हणाला, "निळीच हाय. लई झ्याक दिसती."

"तुमी ऱ्हाऊ द्या. भावजी सांगतील. ते खोटं बोलत न्हाईत."

"निळीच आहे, वहिनी," मी म्हणालो.

मांडवात आण्णा वहिनींच्या बाजूची खुर्ची सोडून उठले नाहीत. कुठलीही बाई साडीकडे बघत कौतुकानं जवळ आली, की ती तोंड उघडायच्या आत आण्णा घाईघाईनं विचारायचे, "जेवलात का?"