सासऱ्यांच्या गाडीचा इंटरकूलर

"गाडीला हात लावायचा नाही," असं सासऱ्यांनी किल्ली देतानाच बजावलं होतं. म्हणजे चालवायची, धुवायची, पुसायची. उघडायची मात्र नाही. डोळ्यांच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी त्यांना गाडी चालवायला मनाई केली होती. दोन दारांची, टर्बोवाली, लालभडक स्पोर्ट्स कार जावयाच्या हवाली करताना त्यांचा चेहरा जितका पडला, तितका लेकीची पाठवणी करतानाही पडला नव्हता.

जावई फ्रिज आणि एसी दुरुस्त करायचा. गरम झालेली वस्तू दिसली की त्याचे हात शिवशिवायचे. त्यात सासऱ्यांचं जुनं दुखणं त्याला ठाऊक होतं. जुन्या गाड्यांचे शौकीन दर वर्षी डोंगरमाथ्यावर जमायचे, आणि दर वर्षी शेवटच्या चढावर सासऱ्यांच्या गाडीचा दम जायचा. आठ वर्षं ते सगळ्यांच्या मागून पोचत होते आणि आठ वर्षं तेच सांगत होते, "इंटरकूलर तापतो हो. हवाच गरम झाली तर टर्बो काय करणार, डोंबल?"

जावयाने ते मनावर घेतलं. टर्बो हवा दाबून इंजिनात कोंबतो, दाबली की हवा तापते, आणि तिला वाटेत गार करणारी जाळी म्हणजे इंटरकूलर. ती गाडीच्या नाकामागेच बसलेली. फ्रिजच्या पाठीमागे असते तशीच की, त्याने मनाशी म्हटलं. यंदा बाबांना पहिल्या नंबरने वर न्यायचं, आणि वर पोचल्यावरच गुपित सांगायचं.

"अहो, बाबांनी हात लावू नका म्हटलंय ना?" बायकोने विचारलं.

"हात कुठे लावतोय? पाणी लावतोय."

जाळीवर पाणी उडवणारे दोन फवारे, एक छोटा पंप, पाण्याची टाकी आणि भंगारातल्या फ्रिजचे दोन पंखे. शिवाय फ्रिजचाच थर्मोस्टॅट, म्हणजे जाळी तापली की सगळं आपोआप सुरू आणि गार झाली की आपोआप बंद. शुक्रवारी नळाचं पाणी भरून त्याने चाचणी घेतली. झकास चाललं. रविवारी सकाळी डोंगरावर निघताना टाकी रिकामी दिसली. सासरे टोपी घालून फाटकात उभे होते, म्हणून घाईघाईत त्याने आपल्या दुकानातला पांढरा कॅन उचलून टाकीत ओतला.

चढ सुरू झाला तसे पंखे घुमायला लागले.

"हा कसला आवाज?" सासऱ्यांनी विचारलं.

"गाडी खूश आहे, बाबा."

तेवढ्यात काचेसमोरून एक बुडबुडा तरंगत गेला.

"जावईबापू, आत्ता समोरून काय गेलं?"

"कुठे काय?"

मग पाच गेले. मग मोजायची सोय उरली नाही. बॉनेटच्या फटींतून पांढराशुभ्र फेस वर आला आणि काचेवर चढला. मागून येणाऱ्या गाडीवरही त्याचे गोळे उडायला लागले. ती गाडी नेमकी सासऱ्यांच्या मित्राची निघाली. बाजूने पुढे जाताना त्याने काच खाली केली.

"काय हो, घरी पाणी नव्हतं का आंघोळीला?"

आता जावयाला तो कॅन आठवला. गॅस कुठून गळतोय हे शोधायला फ्रिजवाले नळीवर साबणाचं पाणी लावतात. बुडबुडा फुगेल तिथे भोक. दुकानात दोन पांढरे कॅन होते. एकात साधं पाणी आणि एकात हे.

"बंद करा ते!" सासरे ओरडले.

"बंद करायचं बटण नाही ठेवलं."

"का नाही?"

"फ्रिजला कुठे असतं, बाबा?"

फेसाने जाळी झाकली, म्हणून वारा लागेना. वारा लागेना म्हणून जाळी आणखी तापली, आणि ती तापली म्हणून थर्मोस्टॅट इमानेइतबारे आणखी साबण उडवत राहिला. शेवटच्या वळणावर गाडीचा दम गेला. दोन सायकलवाले तिला मागे टाकून गेले, त्यातला एक तर शीळ वाजवत होता.

गाडी कडेला लागली. सासऱ्यांनी फक्त तळहात पुढे केला. जावयाने किल्ली काढून त्यावर ठेवली. दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं त्याला. पण धरणीवरही फेसच होता. तीन ओळखीच्या गाड्या थांबल्या आणि पाच-सहा वयस्क शौकीन कोंडाळं करून उभे राहिले.

"बॉनेट उघडा," सासरे म्हणाले आणि स्वतः ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसले. "उभ्या गाडीला डॉक्टरची परवानगी लागत नाही. इंजिन जिवंत आहे का, तेवढं तरी बघू."

त्यांनी रागारागाने अॅक्सिलरेटर दाबला. इंजिन गरजलं, आणि इंटरकूलरच्या उजव्या कोपऱ्यात, रबरी नळीच्या जोडाशी, एक बुडबुडा फुगला. चहाच्या कपाएवढा झाला आणि फुटला. त्याच जागी दुसरा फुगला.

जावई शरम विसरला. वीस वर्षं त्याने हेच बघितलं होतं.

"गळती!" तो ओरडला. "अहो, इंटरकूलरचा काही दोष नाही! दाबलेली हवा इथूनच बाहेर जातेय!" त्याने फेस पुसला. जोड आवळायची लोखंडी पट्टी नव्हतीच. सायकलच्या ट्यूबचा एक तुकडा होता आणि त्यावर तार गुंडाळलेली. "ही बघा कारागिरी! कुठल्या गाढवाने केलंय हे?"

कोंडाळ्यातले सगळे खदखदून हसले. इंजिन बंद झालं. सासरे खाली उतरले आणि आपल्या बुटांकडे बघत उभे राहिले.

तेव्हा कुठे जावयाच्या डोक्यात उजेड पडला. या गाडीला गेली आठ वर्षं सासऱ्यांशिवाय दुसऱ्या कुणी हात लावलाच नव्हता.

त्याचे कान तापले. फेसाची लाज परवडली, इतकी ही नवी लाज मोठी होती. मान खाली घालून त्याने पिशवीतून एक चांगली पट्टी काढली, जोड आवळला आणि जाता जाता थर्मोस्टॅटची वायरही उपटली. सासऱ्यांनी खिशातून किल्ली काढून त्याच्यापुढे धरली. त्याच्याकडे बघितलं मात्र नाही.

उरलेला चढ गाडी सुसाट चढली. पोचली शेवटचीच, पण दम न लागता पोचली. दोघांपैकी कुणालाही त्याचा आनंद करता येईना. परतीच्या वाटेवर निम्मं अंतर गेल्यावर सासरे खिडकीबाहेर बघत म्हणाले,

"गाढव म्हणालात."

"बाबा, मला खरंच माहीत नव्हतं हो..."

"बरोबरच म्हणालात. जोड सुटला त्या दिवशी स्पेअरपार्टचं दुकान बंद होतं, म्हणून दोन दिवसांपुरतं केलं होतं. मग सगळ्यांना इंटरकूलर, इंटरकूलर सांगून बसलो. नंतर उघडायची लाज वाटली."

"तरी मी हात लावायला नको होता," जावई पुटपुटला.

घरी सासूबाई पायरीवर उभ्या होत्या. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली. पुढून गाडी आरशासारखी लखलखत होती आणि मागे आठवड्याची धूळ तशीच होती.

"सहलीला म्हणून जाता आणि गाडी धूत बसता. तीही अर्धीच!" त्या म्हणाल्या. "मागची बाजू कुणी धुवायची?"

दोघांनी एकमेकांकडे बघायचं टाळलं. सासऱ्यांनी बादली उचलली, जावयाने फडकं घेतलं. साबण मात्र दोघांपैकी कुणीच मागितला नाही.