मेल्याशिवाय बाकडं नाही

आमच्या माले गावच्या एसटी थांब्यावर एक सिमेंटचं बाकडं आहे. रोज सकाळी सातला पांडूतात्या पिवळं फडकं घेऊन येतात, ते बाकडं पुसतात आणि पुसून झालं की त्याला 'मॉर्निंग' म्हणतात. बाकड्याला. माणसांचा नंबर नंतर.

मला त्याचा संताप यायचा. त्या बाकड्याच्या पाठीवर लाल अक्षरांत आमच्या भागातल्या एका पुढाऱ्याचं नाव आहे आणि खाली 'यांच्या सौजन्याने'. सौजन्य कसलं डोंबलाचं? पैसा तुमच्या-माझ्या कराचा, बूड आपलं आणि नाव साहेबांचं! 'बाकड्यावर कुणाचंच नाव नको!' असं पत्रक काढून मी घरोघर सह्या गोळा केल्या. सगळ्या गावाने दिल्या. तात्यांनी नाही. आणि वर रोज फडकं!

तात्यांची हकिकत अशी. त्यांच्या बायकोला, मालनकाकूंना, विलायतेत नर्सची नोकरी लागली. "बायकू नोकरीला आन मी बायकूमागं," असं ते स्वतःच सांगतात, त्यामुळे गावाला टोमणा मारायची सोयच राहिलेली नाही. तिथल्या एका खेड्यात त्यांनी पंचवीसेक वर्षं सायकलवरून टपाल वाटलं. काकू गेल्या, मग हे परत आले. पण अजूनही 'आमच्या गावात' म्हणाले की कुठल्या, ते विचारून घ्यावं लागतं.

"आमच्या गावात वाण्याच्या दुकानातच पोस्ट. दोन माणसं आली तरी लाइन." म्हणून तात्या थांब्यावर एकटेच असले तरी रांगेत उभे राहतात. उरवड्याच्या कंपनीत जाणाऱ्या बायका आल्या की अंगठ्याने खूण करतात, "माज्या मागं." मग एसटी येते, बायका त्यांना वळसा घालून चढतात आणि रांगेतला पहिला माणूस खालीच राहतो.

"तात्या, लाइन सोडा आन गाडी धरा!" कंडक्टर ओरडतो. तात्या टोपी उचलून गाडीला निरोप देतात.

पण कळस झाला तो या बाकड्याच्या उद्घाटनाला. साहेब आले, हार आले, फटाक्यांची माळ लावली. तात्यांनी बाकड्यावरचं नाव वाचलं, टोपी काढली आणि मान खाली घालून उभे राहिले. मग शेजारच्या गृहस्थांना हळूच विचारलं, "कवा गेले वो?"

"कोण?"

"हे, बाकड्यावरचे. आजारी व्हते का?"

शेजारचे गृहस्थ म्हणजे खुद्द साहेब. सरपंच धावले. "आवो तात्या, हेच ते सायेब! जित्ते हायेत!"

तात्यांनी साहेबांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "मंग येवढी घाई कशापायी? आमच्या गावात मेल्याबिगर बाकडं भेटत न्हाई."

मी त्या दिवशी तात्यांना मनातल्या मनात आमच्या चळवळीत भरती करून टाकलं. दुसऱ्या दिवशी बघते तर हातात फडकं.

गेल्या रविवारी मी काळ्या रंगाचा डबा घेऊनच थांब्यावर गेले. तात्या होतेच.

"तात्या, सरका. नाव खोडायचंय."

"खोड की."

"मग सही का दिली नाही? आणि या माणसाचं बाकडं चकचकीत कशाला ठेवता?"

"तुज्या कागदावर लिवलंय, कुणाचंच नाव नको. कुणाचंच म्हन्ल्यावर सही कशी करू, पोरी? आमच्या गावात मालनचं नाव हाय की बाकड्यावर. तळ्याच्या काठाला. मी टपाल टाकायचो त्या घरांनी ती गेल्यावर वर्गणी काढून बसिवलं. 'हितली शोभा मालनला लई आवडायची' असं लिवलंय." तात्या हसले. "खोटं हाय. तिला थंडी वाजायची. म्हनायची, ह्या डबक्यापरीस आपलं मुळशीचं धरण बरं."

"मग?"

"शेजारची म्हातारी त्ये पुसायची. नाताळला कार्ड धाडायची, बाकडं साफ हाय म्हनून. दोन वर्सं झाली, कार्ड न्हाई." त्यांनी फडक्याची घडी घातली, परत उलगडली. "म्हन्लं, आपुन हितं कुणाचं तरी पुसावं. मंग तितं कुणीतरी मालनचं पुसत आसंल. न्हाई का?"

मी पिशवीतून कागद काढला, 'कुणाचंच' खोडलं आणि वर लिहिलं, 'जिवंत माणसाचं'. तात्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं आणि पोस्टाच्या पावतीवर करावी तशी सावकाश सही केली.

"आता रंगव," त्यांनी फडकं माझ्या हातात दिलं. "पर आदी पुसून घे. धुळीवर रंग धरत न्हाई. त्या कोपऱ्यात चिमणीची घाण ऱ्हायलीया."

मी पुसलं. कोपरासुद्धा. तात्या टोपी हातात धरून वाट बघत उभे होते. मी इकडेतिकडे पाहिलं. थांब्यावर दुसरं कुणी नव्हतं.

"मॉर्निंग, काकू," मी म्हणाले.