राक्षसाला देवाची शिफारस

खेळ संपला, पडदा पडला आणि नाट्यशाळेची निवड समिती थेट रंगपटात शिरली, तेव्हा गुरुजी देवाच्या वेशात स्टुलावर बसून चपलेतला खिळा शोधत होते. शाळेत बावीस वर्षं हंगामी शिक्षक म्हणून काढल्यावर त्यांना मरण्याआधी एकदा 'कायम' व्हायचं होतं, आणि नाट्यशाळेत शिक्षकाची एकच कायम जागा निघाली होती.

धार्मिक नाटकातलं गुरुजींना येत नाही असं काही नव्हतं. नाटक त्यांचं, चाली त्यांच्या, पडद्यावरचे ढग त्यांनी रंगवलेले. देव तेच, राक्षसही तेच. त्यामुळे राक्षसाचा वध नेहमी पडद्यामागे, नुसत्या आवाजात व्हायचा. बाहेरच्या फलकावर मात्र राक्षसापुढे 'एक हौशी कलावंत' एवढंच लिहिलेलं असे. ज्याच्या पाया पडायचं तोच मघाशी मुखवटा घालून ऋषींना लाथा घालत होता हे कळलं, तर भाविकांचे हात जोडलेले राहत नाहीत.

"देव ठीक होता," अध्यक्षबाई म्हणाल्या. "जरा गुळमुळीत. पण राक्षस! काय ती चाल, काय ती गुर्मी! कुठे आहे तो?"

"बाई, राक्षस मीच."

अध्यक्षबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "देवाचं काम मिळालं म्हणून जगातलं सगळं आपणच केलं असं म्हणू नये. बोलवा त्याला."

गुरुजी कपड्यांच्या पडद्याआड गेले. तिथे त्यांची बायको घड्या घालत होती. मंडळींचे वेश शिवणारी आणि विंगेतून ओळी सांगणारी तीच.

"वाद कशाला घालता?" ती कुजबुजली. "घाला मुखवटा. नोकरी देवाला लागली काय न् राक्षसाला, पगार एकाच घरात येणार."

दोन मिनिटांत राक्षस बाहेर आला.

"वा! जागा तुमची," अध्यक्षबाई म्हणाल्या. "फक्त तुमच्या दिग्दर्शकांनी, म्हणजे देवांनी, शिफारस करायची. आमच्यासमोर, दोघांनी शेजारी उभं राहून. मागच्या खेपेला एकाने स्वतःच स्वतःची शिफारस केली होती. फार वाईट अनुभव."

राक्षस घाम पुसत आत आला. "आता गं?"

"आता काय! द्या तो झगा इकडे."

"तुला जमेल?"

"नुसतं उभंच राहायचंय ना?"

देव आणि राक्षस आयुष्यात प्रथमच शेजारी उभे राहिले. राक्षस वीतभर बुटका झाला होता, पण समितीला वाटलं, अदबीने वाकलाय.

"कलावंत गुणी आहे," देव म्हणाला. इथे थांबायला हवं होतं. पण 'गुळमुळीत' हा शब्द गुरुजींना सलत होता. "अर्थात जे काही आहे ते माझं. माझ्यावाचून याला एक ओळ येत नाही."

मुखवट्यातून हुंकार आला.

"काय म्हणालात? ओळी येत नाहीत? परवा भक्ताला वर देताना तंद्री लागली आणि एकाच माणसाला चार वेळा 'तथास्तु' म्हणालात, तेव्हा विंगेतून कोण ओरडलं? तुमच्या मुकुटाला टाचण्या कोण लावतं? आणि वर तोंड करून म्हणे, सगळं माझं!"

राक्षस पावलापावलाने पुढे सरकला. देव मागे सरकत सरकत पावडरच्या डब्यावर बसला. समितीने टाळ्या वाजवल्या.

"मघापेक्षाही सरस!" अध्यक्षबाईंनी स्वतः जाऊन मुखवटा उचलला. "अगं बाई! तुम्ही बाई? आणि फलकावर तुमचं नाव नाही?"

"फलक हेच रंगवतात," बायकोने खरं ते सांगितलं.

सगळ्यांनी देवाकडे पाहिलं.

"अहो, पण मघाचा राक्षस खरंच मी..."

"पुन्हा तेच!" अध्यक्षबाईंनी पेन पुढे केलं. देवाने शिफारशीवर सही केली.

दोघं घरी निघाले.

"ऐकलंत का," ती वाटेत म्हणाली. "सोमवारी पहिला तास आहे. मला नुसतं ओरडता येतं. बाकीचा राक्षस रविवारपर्यंत शिकवा."

"ही शिकवणी कायम की हंगामी?" गुरुजींनी विचारलं.

"आत्ताच कसं सांगू?" बायको म्हणाली. "काम बघून ठरवू."