आरोपीने पुलावरूनच यावे

कोणतंही सुसंस्कृत राज्य गुपितांवर उभं असतं. सिमेंट नंतर येतं. म्हणूनच शहराच्या जुन्या पुलाचा मधला खांब खचला आहे, ही गोष्ट पूल खात्याने डोळ्यांत तेल घालून जपली होती. खांब जपायचं राहून गेलं. पण सगळीकडे एकदम लक्ष देणं कोणत्या खात्याला जमतं?

हे गुपित फोडलं खात्यातल्याच एका उपअभियंत्याने. परक्या देशाला विकलं असतं, तर निदान व्यवहार म्हणून समजून घेता आलं असतं. त्याने ते सख्ख्या बहिणीला सांगितलं, तेही फुकट. भाचीची शाळेची बस त्याच पुलावरून जायची.

"ताई, फक्त तुला सांगतोय. पोरीला त्या बसने पाठवू नकोस."

ताईने ते फक्त शेजारणीला सांगितलं. (शेजारणीनेही शब्द पाळला, एका वेळी एकापेक्षा जास्त माणसांना तिने सांगितलं नाही.) संध्याकाळपर्यंत पूल ओस पडला, बस नव्या पुलाने वळसा घालून जाऊ लागली आणि उपअभियंत्याला 'भोंगा' हे नाव पडलं. खातं मुळापासून हादरलं. खांब खचला तेव्हा ते इतकं हादरलं नव्हतं.

भोंगा नदीपलीकडे ताईकडे जाऊन राहिला. खात्याने मोठ्या मनाने जाहीर केलं, की तो प्रामाणिक असेल तर त्याने स्वतःहून शरण यावं. न्यायालयात बाजू मांडायची त्याला पूर्ण मुभा राहील. फक्त पूल, खांब, नदी आणि भाची हे विषय गोपनीय असल्याने टाळावेत. हवामानावर तो मोकळेपणी बोलू शकेल (पूर सोडून). मात्र त्याने जुन्या पुलावरूनच यावं. दुसऱ्या वाटेने आल्यास तोच गुन्हा पुन्हा केला असं धरलं जाईल.

लोकमत स्पष्ट होतं. न्हावी म्हणाला, खरा माणूस तुरुंगाला भीत नाही. डॉक्टर म्हणाले, "त्याने आपले जीव वाचवले हे मान्य, पण ही काय पद्धत झाली?" एका पाहणीत एक्क्याण्णव टक्के नागरिकांनी 'शरण यावं' असं सांगितलं. उरलेल्यांचं उत्तर नव्या पुलावरच्या रांगेत हॉर्नमुळे ऐकू आलं नाही.

भोंगा ताईच्या स्वयंपाकघरात स्टुलावर बसून राहायचा.

"जा बाबा एकदाचा," भावोजी म्हणाले. "ऑफिसात लोक माझ्यासमोर बोलायचे थांबतात."

"कशाला जाईल? चोर आहे का तो?" ताई कडाडली आणि लगेच रडू लागली.

"नाही गेलो तर म्हणतील, खोटं होतं म्हणून लपला," भोंगा म्हणाला. त्याला भीती वाटत होती, चांगलीच वाटत होती. पण भरल्या न्यायालयात एकदा खांबाबद्दल बोलायचं, ही आशा त्या भीतीहून मोठी होती.

त्याला न्यायला दोन हवालदार आले. पुलाच्या तोंडाशी मोठा हवालदार थांबला. "साहेब, तुम्ही व्हा पुढे. आम्ही नव्या पुलाने येतो."

"आणि मी पळालो तर?"

"पळू नका हो," हवालदार कळवळून म्हणाला. "हळू चाला. हादरे बसतात."

भोंगा हळू चालला आणि सुखरूप पोहोचला. तिथेच त्याचं चुकलं. त्याच्यावर दोन आरोप ठेवले गेले: खरी गुप्त माहिती फोडणे, आणि ती खोटी असणे. दोन्ही सिद्ध झाले. खांबाबद्दल बोलायला तो उभा राहिला तेव्हा न्यायाधीशांनी त्याला हवामानाकडे वळवलं.

खात्याच्या पात्र अभियंत्याने स्वतः चालून पुलाची चाचणी पूर्ण केल्याचं त्याच दिवशी जाहीर झालं. सोमवारपासून शाळेची बस पुन्हा जुन्या पुलावरून सुरू झाली. ताईने पोरीला घरी ठेवलं. बाकीची मुलं बसमध्ये बसली. कारण ज्याअर्थी माणूस शरण आला, त्याअर्थी प्रकरण मिटलं, असं सगळ्या पालकांचं मत पडलं.

हे शहर कोणतं, ते गोपनीय आहे. तुम्ही निर्धास्त असा. तुम्ही रोज ज्या पुलावरून जाता तो भक्कमच असणार. त्याच्याबद्दल वाईट बोलणारं आता बाहेर कुणी उरलेलं नाही.