याच्यात मानूस हाय

चंद्रपूरकडच्या सावली गावच्या बाजारात गिरजाबाईकडून मासोळी घ्यायची असेल, तर हाताशी भरपूर वेळ ठेवावा लागे. मरळ निवडून होते, भावाची घासाघीस होते, मासोळी कापून होते, आणि मग बाई रद्दीच्या गठ्ठ्यातून एक पेपर उपसते, डोळ्यांजवळ नेते आणि वाचायला लागते. पहिल्या रकान्यापासून, सावकाश, ओठ हलवत. गिऱ्हाईक उभं, माश्या घोंगावताहेत. कोणी म्हटलं, "बाई, बांधा ना लवकर," तर मान वर न करता सांगते, "थांबा. याच्यात मानूस हाय."

माणूस म्हणजे मेलेला माणूस. कोणाची निधनवार्ता, कोणाचं पुण्यस्मरण, कोणी नावेतून पडून गेलेला, कोणी वीज पडून. असा पेपर ती मासोळीला लावत नाही. नीट घडी करून बाजूच्या पत्र्याच्या पेटीत ठेवते आणि दुसरा वाचायला घेते. ओळीनं चार पेपरांत माणसं निघाली, तर पळसाच्या पानात बांधून देते. पण मेलेल्याच्या अंगावर मासोळीचं पाणी सांडू देणार नाही म्हणजे नाही.

जिवंत माणसांची मात्र तिला काडीची दया नाही. वाढदिवसाच्या शुभेच्छांची पानं ती खास झिंग्यांसाठी राखून ठेवते. एकदा एका पुढाऱ्याच्या कार्यकर्त्यानं आपल्या भाऊंच्या हसऱ्या चेहऱ्यात बांधलेले झिंगे पाहिले आणि तो बाजारातच भडकला. गिरजाबाई त्याला म्हणाली, "काऊन चिल्लावून राह्यला, बाप्पा? जिते हायेत ना तुमचे भाऊ? मंग धुतील तोंड!" तो झिंगे घेऊन गेला.

मी त्या काळात तिकडच्याच एका कचेरीत जन्म-मृत्यूच्या टेबलावर बाबू होतो. माणूस मी तिरसट. "नोंद आढळत नाही" हे तीन शब्द म्हणजे माझी रोजीरोटी. कोणी आजोबांचा दाखला मागायला आला की जुनं रजिस्टर अर्धं उघडायचं, त्यातली धूळ त्याच्या तोंडावर उडवायची आणि हे तीन शब्द सांगायचे. लोक मुकाट जायचे. गिरजाबाई गेली नाही.

पहिल्यांदा आली ती डोक्यावरच्या टोपलीसकट. मी म्हटलं, "काय पाहिजे?"

"आमच्या मानसाचं नाव लिहाचं हाय."

तिचा नवरा मासोळीची बोडी, म्हणजे गावतळं, आटली की उन्हाळ्यात बल्लारपूरच्या पल्याड, खाणींकडच्या गावांत हमालीला जायचा. एका वर्षी गेला तो आलाच नाही. पाऊस लागल्यावर गावातली मास्तरीणबाई गिरजाबाईला म्हणाली, "अगं, तू मागं मला मासोळी बांधून दिलीस ना, त्या पेपरात एका माणसाचा फोटो होता. तुझ्या घरच्यासारखा वाटला मला. मग वाटलं, भास असेल." पेपर? तो तर केव्हाच चुलीत गेला होता. गिरजाबाईला तेव्हा अक्षर येत नव्हतं. पेपर तिच्याच गठ्ठ्यातला, तिच्याच हातानं मासोळीभोवती गुंडाळलेला.

ती खाणीच्या गावांत फिरली. एका ठिकाणी दफनभूमीच्या वहीत त्या उन्हाळ्यात पुरलेले तीन "अनोळखी पुरुष" निघाले. उन्हानं गेलेले. यातला कोणता? वहीवाला म्हणाला, पुरावा आणा. पुरावा म्हणजे तो पेपर. आता कोणता पेपर, कोणत्या तारखेचा, देव जाणे. म्हणून बाई मास्तरीणबाईकडून वाचायला शिकली आणि गावोगावची रद्दी उपसायला बसली. कुठून तरी तोच अंक पुन्हा हाती लागेल, एवढ्या एका आशेवर.

"नाव काय त्यांचं?" मी विचारलं.

तिनं पदराची गाठ सोडून एक चिठ्ठी पुढे केली. "आपल्या मानसाचं नाव घेत असतेत का?"

"मग उखाण्यात घ्या," मी म्हटलं, आणि शेजारचा टेबलवाला हसला. आजही ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटतं.

ती हसली नाही. चिठ्ठीवर होतं, झिटरू. वर्णन तिनं तोंडी सांगितलं: उंच, सावळे, निळा सदरा, उजव्या दंडावर मार्कंड्याच्या जत्रेत गोंदलेलं देवाचं नाव. मी म्हटलं, कोणत्या देवाचं? तर म्हणे, "मले तवा वाचता येत होतं का? ते म्हनत देवाचं हाय, म्हनून देवाचं."

मी सांगितलं की दुसऱ्या गावची नोंद आमच्याकडे होत नाही, हे नियमात बसत नाही. "मंग मी बसते," म्हणाली, आणि टोपलीसकट माझ्या टेबलासमोर बसली. दुपारपर्यंत वास साहेबांच्या खोलीत पोचला. साहेब नाकाला रुमाल लावून बाहेर आले आणि मलाच ओरडले.

पुढं तिचं येणं सुरूच राहिलं. कधी एखादा पेपर टेबलावर आपटायची. "हे पाहा. पंचवीस बकऱ्या मेल्या त मालकाचं नाव हाय, गावाचं नाव हाय, बकऱ्यायचा रंग बी हाय. अना खाली लिहिलं, अनोळखी बाई. अनोळखी? कोनाले अनोळखी? तिची माय नसंल का?" मी काय, पेपरचा मालक होतो? पण ऐकून घ्यायचो.

पेटीतली माणसं ती त्यांच्या घरी पोचवायचीही. मोहर्लीच्या जंगलातल्या एका गाइडला त्याच्या आजीचा एकुलता एक फोटो तिनं दिला, पुण्यस्मरणाच्या चौकटीतला. माझ्या घरी एकदा पिवळं पडलेलं कात्रण घेऊन आली. माझ्या आत्येची निधनवार्ता. आमच्या घरात आत्या निपुत्रिक गेली असं सांगत. कात्रणात लिहिलं होतं, पश्चात दोन मुली. जातीबाहेर लग्न केलं म्हणून आमच्या थोरल्यांनी तिला तोडलं होतं, हे मला वयाच्या पन्नाशीत एका मासोळीवालीकडून कळलं. त्या दोन बहिणींकडे मी राखीला जातो आता.

आणि तिनं एवढं करूनही मी तिला एक गोष्ट सांगितली नव्हती. चंद्रपुरात एका जुन्या वाचनालयात पेपरांच्या फायली शिवून ठेवतात, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. का नाही सांगितलं? तिनं विचारलं नव्हतं. बाबूचं डोकं असंच चालतं, दुसरं काही नाही.

मी रिटायर झालो. लोक पेपर मोबाइलवर वाचायला लागले. एका बाजारी गेलो तर गिरजाबाईच्या बाजूला रद्दी नव्हतीच, नुसती पळसाची पानं. माझ्याकडे बघून म्हणाली, "बाबू, आता पेपरच नाई आले त?" एवढ्या वर्षांत तिचा आवाज इतका बारीक झालेला मी ऐकला नव्हता. मग वाचनालयाचं सांगितलं.

तिच्या तोंडाचा जो पट्टा सुटला! "अना तुमी आता सांगून राह्यले? माह्यी मासोळी खाऊन खाऊन तुमचं पोट सुटलं, अना आता? तुमाले लाज नाई वाटत का, बाबू?" सगळा बाजार बघत होता. मी मान खाली घालून ऐकलं, कारण त्यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. शेवटी म्हणाली, "उद्याच्या पहिल्या बसनं जाऊ. डबा आना. मी आनून देनार नाई."

साल तिनं धाकट्या पोरीच्या शाळेवरून सांगितलं, पहिलीत घातली होती त्या वर्षीचा उन्हाळा. वाचनालयवाल्यानं चार जाडजूड फायली काढून दिल्या. मी भराभर पानं उलटायला लागलो, तर तिनं माझा हात दाबून धरला. एकही माणूस वगळायचा नाही. "याईची बी कोनी वाट पाहत असंल." दिवसभरात एक फाइल झाली. माझी कंबर मोडली, तिची नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचे ओठ हलायचे थांबले. आतल्या पानावर, खाली कोपऱ्यात, बोटाएवढा फोटो होता. तिनं बोट ठेवून मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. "अनोळखी इसम. वय अंदाजे चाळीस. रंग सावळा. अंगात निळा सदरा. उजव्या दंडावर..."

आणि अडली. मला वाटलं अक्षर लागत नाही. मी वाकून पाहिलं. लिहिलं होतं, उजव्या दंडावर "गिरजा" असे गोंदलेले आहे. ओळखणाऱ्यांनी पोलीस ठाण्याशी संपर्क साधावा.

"मले त देवाचं म्हने," ती म्हणाली.

तिनं त्या नावावरून बोट फिरवलं. "माह्याच नावात मासोळी बांधली, बाबू." मग एकदम फाइलीवर थाप मारली, वाचनालयवाला दचकून उठला. "इतकं साफ लिहून हाय! तरी अनोळखी काऊन लिहिलं यायनं?"

पुढचे हेलपाटे मी केले. शपथपत्र, नक्कल, शिक्के. कोणी मला "नियमात बसत नाही" म्हणालं की मी खुर्ची ओढून तिथंच बसायचो, शिकवण चांगली मिळाली होती. अखेर खाणीच्या गावात दफनभूमीची ती वही उघडली. नोंदीतली तारीख आणि पेपरातली तारीख जुळली. वहीवाला नवा होता, अदबीनं बोलत होता. म्हणाला, "बाई, खोडता येत नाही. शेऱ्यात लिहितो."

"खोडा," गिरजाबाई म्हणाली.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "खोडा, भाऊ. ही इथून उठणार नाही." त्यानं "अनोळखी"वर लाल रेघ मारली आणि सही केली.

"मृताचं नाव?"

मी खिशातली चिठ्ठी काढायला लागलो, तर तिनं मला थांबवलं. डोक्यावरचा पदर नीट केला.

"झिटरू," ती म्हणाली. खणखणीत, बाजारात भाव सांगावा तशी.

"ओळखीची खूण?"

"लिहा," ती म्हणाली, "गिरजा."